जुन्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरमधला कुजलेला फोम बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या झाकणाचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत मऊ चकतीऐवजी डांबरासारखा काळा थर बोटाला चिकटला. चाळीस-पन्नास वर्षं जुना कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरच्या भोंग्यामागे (हॉर्नमागे) बसून आवाज निर्माण करणारा भाग, पहिल्यांदा उघडणाऱ्या बऱ्याच जणांची सुरुवात अशीच होते. वाळायचा वेळ सोडला तर फोम बदलणं हे काम तसं अर्ध्या तासाचं आहे. पण त्या अर्ध्या तासात ड्रायव्हरमधला सगळ्यात नाजूक भाग, डायफ्राम, उघडा पडतो. म्हणून खालची निम्मी उत्तरं फोमबद्दल कमी आणि डायफ्रामला कसं सांभाळायचं याबद्दल जास्त आहेत.

हा फोम नेमका असतो कुठे?

जेबीएल कंपनीचे ३७५, २४४०, २४४१, एलई८५, २४२० किंवा त्यांच्या घडणीचे इतर ड्रायव्हर घ्या. चुंबकाच्या मागच्या बाजूला पातळ धातूचा घुमट, म्हणजे डायफ्राम, बसवलेला असतो. त्याची खोलगट बाजू पुढे फेज प्लगकडे, म्हणजे आवाज हॉर्नकडे नेणाऱ्या चिरांच्या ठोकळ्याकडे, असते आणि आवाज तिकडून हॉर्नमध्ये जातो. फुगीर बाजू मागे असते आणि तिच्यावर झाकण येतं. झाकणाच्या आतल्या तळाला फोमची किंवा फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) चकती चिकटवलेली असते. हाच तो फोम.

सगळेच ड्रायव्हर असे नसतात. काहींत डायफ्राम पुढून बसवलेला असतो, घुमटाची फुगीर बाजू हॉर्नकडे असते आणि शोषक तुकडा घुमटाच्या पोटाखाली, चुंबकाच्या गाभ्यावर ठेवलेला असतो. त्यांत फोमपर्यंत पोहोचायला डायफ्राम काढावाच लागतो. या पानावरची उत्तरं मुख्यतः पहिल्या प्रकाराची आहेत.

तो तिथे काय काम करतो?

डायफ्राम पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागेही ढकलतो. पुढचा आवाज हॉर्नमधून बाहेर पडतो, मागचा त्या छोट्या झाकणात कोंडला जातो. तो आवाज झाकणाच्या तळावर आपटून परत फिरतो आणि पुन्हा डायफ्रामवर येतो. डायफ्राम इतका पातळ असतो की मागून आलेल्या या धक्क्याने त्याची हालचाल बदलते आणि तो बदल पुढे ऐकू येणाऱ्या आवाजात उतरतो.

हे कोणत्या स्वरांना होतं ते साध्या गणिताने कळतं. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरू. डायफ्राम आणि झाकणाचा तळ यांत २५ मिलिमीटर अंतर असेल तर अर्धी तरंगलांबी त्या अंतरात नेमकी बसते ती ६९०० हर्ट्झच्या आसपास. हा झाला उभा ठोका. आडवा ठोकाही असतो: पोकळी १०० मिलिमीटर व्यासाची असेल तर मध्यापासून कडेपर्यंत जाणारं पहिलं वर्तुळाकार कंपन सुमारे ४२०० हर्ट्झला येतं. घुमटाच्या आकारामुळे खरे आकडे थोडे इकडेतिकडे सरकतात, पण पट्टा हाच. आपला कान सगळ्यात तिखट असतो तो या पट्ट्याच्या खालच्या टोकाच्या आसपास, आणि फोम ही कंपनं मारतो.

झाकणातली हवा दुसरंही एक काम करते: ती स्प्रिंगसारखी वागते आणि डायफ्रामची मूळ अनुनाद वारंवारता ठरवते. फोम त्या स्प्रिंगलाही किंचित सैल करतो. म्हणून झाकणाची पोकळी वाटेल तशी भरून टाकायची नसते. त्यावर पुढे येतोच.

मग फोम गेला की आवाज बिघडतो का?

बिघडतो, पण लोक लिहितात तितका नाही. हॉर्नच्या तोंडाशी होणारी परावर्तनं, क्रॉसओव्हर (खालचे-वरचे स्वर वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणारं सर्किट), डायफ्रामच्या कडेची स्वतःची कंपनं हे सगळं यापेक्षा मोठ्या हाताने आवाजावर सही करतं. फोम नसलेला ड्रायव्हर मोजला की आलेखावर काही ठिकाणी बारीक उंचवटे-खळगे दिसतात आणि ऐकताना वरच्या मध्यपट्टीत किंचित कर्कशपणा जाणवू शकतो. ‘फोम बदलला आणि पडदाच दूर झाला’ असं कुणी सांगितलं, तर त्याच वेळी कुजका भुगा साफ झाला, ढिले स्क्रू घट्ट बसले आणि गंजलेली टर्मिनलं घासली गेली, त्याचा वाटा किती होता हेही विचारून पाहावं.

माझ्या मते फोम बदलायचं खरं कारण आवाज हे नाही. कुजलेला फोम डायफ्रामवर पडतो, हे खरं कारण. त्यामुळे आवाज ठीक वाटतोय म्हणून थांबू नका.

ड्रायव्हर वर्षानुवर्षं खोक्यात बंद होता, वाजवलाही नाही. तरी फोम कसा गेला?

वापराशी याचा संबंधच नाही. त्या काळचा बराचसा फोम पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा होता. हवेतली आर्द्रता त्यातले एस्टर बंध हळूहळू तोडते. बंध तुटले की आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगाने करतं. म्हणून फोम बरीच वर्षं चांगला दिसतो आणि मग थोड्याच काळात सगळा एकदम बसतो. दमट, गरम जागी लवकर, कोरड्या थंड जागी उशिरा. काहींचा कोरडा भुगा होतो, काहींचा चिकट गोळा.

पॉलिइथर जातीचा फोम पाण्याला बराच दाद देत नाही. त्याचा शत्रू उजेड. झाकणाच्या आत मिट्ट अंधार असतो, त्यामुळे या कामासाठी तो जास्त योग्य. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवून फोम घेतलात तरी पुष्कळ झालं.

वूफरच्या कडेचा फोम बदलतात, ते हेच काम का?

नाही. कुजण्याचं कारण एकच, काम पूर्ण वेगळं. वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरच्या, कडेचा फोम कोनाला (शंकूसारख्या पडद्याला) धरून ठेवतो, त्याच्याबरोबर हलतो आणि तो बसवताना कोन मध्यावर आणावा लागतो. झाकणातला फोम कशालाही धरत नाही, हलत नाही, फक्त चिकटून बसतो. वूफरच्या कडांचे तयार संच इथे उपयोगाचे नाहीत.

झाकण न उघडता आतल्या फोमची अवस्था कळते का?

खात्रीने नाही. ड्रायव्हर हलक्या हाताने उलटसुलट केल्यावर आत काही सरकल्याचा आवाज आला, हॉर्नच्या घशात काळे कण दिसले, किंवा सावकाश वरखाली जाणारा स्वर वाजवताना एका विशिष्ट जागी खरखर झाली, तर संशय घ्यायला हरकत नाही. पण यांपैकी काहीही नसताना आत डांबर झालेलं असू शकतं. १९८० च्या आधीचा ड्रायव्हर असेल आणि आधी कुणी उघडल्याचं माहीत नसेल, तर मी तो वाजवण्याआधी उघडतो.

उघडायचं ठरेपर्यंत एक करा: ड्रायव्हर अशा बाजूवर ठेवा की झाकण खाली राहील. मग भुगा सुटला तरी झाकणात पडेल, डायफ्रामवर नाही.

भुगा डायफ्रामवर पडला तर एवढं काय बिघडतं?

अॅल्युमिनियमचा डायफ्राम साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा जाड असतो. त्यावर चिकट गोळा पडला की एका बाजूला वजन वाढतं, घुमट सरळ न हलता डुलायला लागतो, आणि चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे हलणारी व्हॉइस कॉइल (डायफ्रामला जोडलेली तारेची गुंडाळी) भिंतीला घासू शकते. शिवाय कुजलेल्या फोमचा रस आम्लधर्मी असतो. तो धातूवर वर्षानुवर्षं पडून राहिला की डाग आणि बारीक खड्डे पाडतो. भुगा सरकत घुमटाच्या कडेच्या वळणदार भागात अडकला तर तिथली लवचीकता जाते. जुन्या मूळ डायफ्रामला तोडीस तोड बदली मिळवणं अवघड, म्हणून ही काळजी.

कामाला काय काय लागेल?

आधी काय लागणार नाही ते: चुंबकाला ओढला जाणारा लांब पोलादी स्क्रूड्रायव्हर, डायफ्राम उघडा असताना. या ड्रायव्हरांची चुंबकं चेष्टेची नाहीत. मोठ्या चार इंची डायफ्रामच्या जातीत फटीतलं चुंबकीय क्षेत्र दोन टेस्लाच्या आसपास असतं आणि अख्खा नग दहा-अकरा किलो भरतो. माझा पहिला डायफ्राम मी फोममुळे नाही, स्क्रूड्रायव्हरमुळे गमावला. झाकण निघालं होतं, हातात स्क्रूड्रायव्हर तसाच होता, मी फोटो काढायला वाकलो आणि टोक जे खाली गेलं ते थेट घुमटात. आवाजही झाला नाही. एक लहानसा पोचा. तो पोचा आजही माझ्या टेबलावर आहे, म्हणजे तो डायफ्राम आहे. दुसऱ्यांना दाखवायला ठेवला आहे.

तेव्हा: झाकणाच्या स्क्रूसाठी नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर किंवा अॅलन की, आणि झाकण निघाल्याक्षणी तो हातभर लांब, वेगळ्या ताटलीत. पितळी किंवा प्लास्टिकचा चिमटा. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी खरवडायला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती कापडाचे तुकडे, रबरी हातमोजे. कागदी चिकटपट्टी. मऊ केसांचा रंगाचा ब्रश, ज्याची केस धरणारी पट्टी लोखंडी नाही असा. खोली मोजायला व्हर्नियर किंवा साधी पट्टी. आणि कामाचं टेबल ओल्या कापडाने पुसलेलं. ज्या टेबलावर कधी लोखंड कानशीने घासलं असेल त्यावर हे काम करूच नका. लोखंडाचा कीस एकदा फटीत गेला की तो काढायला दिवस जातो.

झाकण कसं उघडायचं?

ड्रायव्हर हॉर्नवरून काढा आणि आडवा, म्हणजे झाकण एका बाजूला येईल असा, टॉवेलच्या वळकटीवर ठेवा. गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी टेकू द्या. झाकण वर ठेवून उघडलंत तर सुटलेला भुगा सरळ डायफ्रामवर येईल. आडव्या स्थितीत तो खाली पडतो.

उघडण्याआधी झाकण आणि चुंबक यांच्यावर एक पेन्सिलीची रेघ मारा. झाकण त्याच जागी परत बसलं पाहिजे. तारांचे फोटो काढा. काही ड्रायव्हरांत टर्मिनल झाकणावरच असतात आणि त्यांच्यापासून डायफ्रामपर्यंत आत बारीक तारा जातात. झाकण झटक्यात ओढलं तर त्या तुटतात. इंचभर बाहेर काढून आत डोकावा, तारा दिसल्या तर कुठे जोडल्या आहेत ते बघून मगच सोडवा.

तारांची अदलाबदल ‘सुधारण्याचा’ मोह टाळा. जुन्या जेबीएल स्पीकरांत लाल टर्मिनलला धन दिलं की कोन आत जातो, आजच्या पद्धतीच्या उलट. ती चूक नव्हे, ती त्या कंपनीची तेव्हाची रीत होती. जसं होतं तसंच परत जोडा, नाहीतर क्रॉसओव्हरच्या जागी दोन स्पीकर एकमेकांशी भांडतील.

झाकण निघालं की उघड्या डायफ्रामवर स्वच्छ ताटली किंवा खोलगट झाकण उपडं घाला, घुमटाला न टेकेल असं. मग ड्रायव्हर एका खोलीत आणि झाकण दुसऱ्या खोलीत. मी गंमत करत नाही.

झाकणातला चिकट थर कसा काढायचा?

सैल भाग आधी कोरडाच, पट्टीने. मग अल्कोहोलमध्ये भिजवलेलं कापड थरावर पाच-दहा मिनिटं ठेवून खरवडा. बहुतेक फोम यानेच निघतो. त्याखाली जुन्या गोंदाचं पिवळट कवच राहतं, त्यासाठी लायटरमध्ये भरतात तसलं नॅफ्था चांगलं चालतं. खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही. अॅसिटोन मी टाळतो: झाकणाचा रंग आणि टर्मिनलचं प्लास्टिक दोन्ही खातो.

गोंदाचा शेवटचा डागही गेला पाहिजे असं नाही. पृष्ठभाग कोरडा आणि टणक झाला, बोटाला चिकटत नाही, एवढं पुरे. ज्या झाकणाच्या काठावर रबरी किंवा कागदी गॅस्केट आहे तिथे द्रव लागू देऊ नका.

पुसून झाल्यावर झाकण उघडं ठेवा, किमान रात्रभर. अर्धवट वाळलेलं झाकण बसवलंत तर द्रवाची वाफ आत कोंडते आणि व्हॉइस कॉइलच्या गोंदापर्यंत पोहोचते.

डायफ्रामवर कण पडलेले दिसतात. फुंकर मारू का?

नका मारू. तोंडाच्या फुंकरीत थुंकी असते आणि हवेच्या डब्याचा झोत कण उडवतो खरा, पण थेट फटीकडे. ड्रायव्हर असा तिरपा धरा की घुमट खाली बघेल आणि मऊ ब्रशच्या टोकाने, घुमटाला जेमतेम स्पर्श करत, कण बाहेरच्या कडेकडे न्या. कोरडे कण गुरुत्वाकर्षणाने पडतात.

चिकट ठिपका असेल तर त्याला जवळजवळ कोरड्या, अल्कोहोलने नुसत्या ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने अलगद टेकवा आणि उचला. घासायचं नाही. थोडा राहिला तर राहू द्या. कागदाच्या कपट्याएवढा पातळ डाग डायफ्राम सहन करतो, बोटाचा दाब नाही. काही डायफ्रामवर कंपन शोषणारा फिकट, खरखरीत लेप कंपनीनेच दिलेला असतो. तो कुजका फोम समजून पुसणारे लोक मी पाहिले आहेत.

डायफ्राम काढून फट साफ करावी लागेल का?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. खरखर नाही, स्वर स्वच्छ वाजतात, कण फक्त वर दिसतात, तर डायफ्राम जिथे आहे तिथेच राहू द्या. तो काढून परत बसवताना होणारं नुकसान थोड्याशा भुग्यापेक्षा मोठं असतं.

खरखर असेल तर मात्र इलाज नाही. त्या वेळी डायफ्रामच्या कड्यावर आणि चुंबकाच्या तोंडावर एकमेकांसमोर खूण करा. स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे, ढिले करा. कडं दोन्ही हातांनी सरळ वर उचला. चुंबक स्क्रूंना ओढतो, म्हणून प्रत्येक स्क्रू काढताक्षणी दूर. उचललेला डायफ्राम घुमटावर नाही, कड्यावर टेकवून ठेवा.

फट साफ करायला पातळ पुठ्ठ्याच्या पट्टीवर कागदी चिकटपट्टी, चिकट बाजू बाहेर, गुंडाळा आणि फटीतून गोल फिरवा. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत नवी घ्या. लोखंडी कीस असेल तर तो भिंतीला घट्ट धरून बसतो, पाच-सहा फेऱ्या लागतात. फेज प्लगच्या गोल चिरांत कण असतील तर ड्रायव्हर उलटा करून ब्रशने खाली पाडा. हॉर्नच्या बाजूने आत काठी घालून ढकलू नका.

परत बसवताना काही ड्रायव्हरांत मार्गदर्शक खुंट्या असतात, मग काम सोपं. नसतील तर कानाने मध्य साधावा लागतो: स्क्रू बोटाने घट्ट, ड्रायव्हरच्या पट्ट्यातला खालचा स्वर अगदी हळू आवाजात चालू, आणि कडं केसभर सरकवत खरखर बंद होईल ती जागा शोधायची. मग पुन्हा समोरासमोरचे स्क्रू, थोडे थोडे. शेवटचा पाव फेरा देताना मध्य हलतो. प्रत्येक वेळी. म्हणून स्वर शेवटपर्यंत चालू ठेवा.

आलेच आहे तर चुंबकाचा भाग सोडवून आतूनही साफ करू का?

नाही. अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूची) चुंबकं पूर्ण जोडणी झाल्यावर चुंबकित केलेली असतात. वरची पोलादी तबकडी वेगळी केली की चुंबक आपली बरीच ताकद कायमची गमावतो आणि ती परत द्यायला खास यंत्र लागतं. फेराइटवाल्यांत ताकद टिकते, पण तबकडी परत मध्यावर आणणं घरचं काम नाही.

डायफ्राम बेरिलियमचा असेल तर?

टॅड कंपनीच्या टीडी-४००१ आणि टीडी-२००१ सारख्या ड्रायव्हरांत डायफ्राम बेरिलियम या धातूचा असतो. अखंड डायफ्राम धोकादायक नाही. त्याची पूड मात्र श्वासातून गेली तर फुप्फुसांचा गंभीर, न बरा होणारा आजार होऊ शकतो. म्हणून असा डायफ्राम घासायचा नाही, खरवडायचा नाही. झाकण उघडल्यावर तो तडकलेला किंवा फुटलेला दिसला तर काम तिथेच थांबवा: झाडू नका, व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, झाकण परत लावून पिशवीत बंद करा आणि असं साहित्य हाताळणाऱ्या जाणकाराकडे द्या. हा एकच प्रसंग आहे जिथे मी कुणालाही ‘करून बघा’ म्हणत नाही.

नवा फोम कोणता घ्यावा?

उघड्या छिद्रांचा, पॉलिइथर जातीचा, साधा मऊ पॉलियुरेथेन फोम. घनता घनमीटरला २५ ते ३० किलो चालते. परीक्षा सोपी: तुकडा ओठांना लावून श्वास सोडा. हवा थोड्या अडथळ्याने आरपार गेली तर ठीक. गेलीच नाही तर तो बंद छिद्रांचा फोम आहे. वस्तूंच्या खोक्यात येणारा पांढरा फोम किंवा योगासनाच्या चटईचा रबरी फोम या जातीचा. तो आवाज शोषत नाही, फक्त पोकळी लहान करतो, म्हणजे फोम न लावण्यापेक्षा वाईट.

मेलामाइन फोम, म्हणजे डाग पुसायला मिळतो तो पांढरा बारीक स्पंज, आवाज उत्तम शोषतो आणि त्याचा रेणूच वेगळा असल्याने तो पॉलियुरेथेनसारखा चिकट होत नाही. अडचण अशी की तो ठिसूळ आहे आणि त्याची पूड खरखरीत असते. कापून झाल्यावर चांगला झटकून, कडा ओलसर कापडाने टिपून घेतला तर मला तो पसंत आहे.

लोकरीचा फेल्ट जुन्या काळापासून वापरात आहे आणि तो कुजत नाही. मात्र कसर लागू शकते आणि तंतू सुटतात. घट्ट दाबलेला फेल्ट घ्यावा. काचतंतूची लोकर कुणी सुचवली तर कानाआड करा. तिचे तंतू फटीत गेले की संपलं.

जाडी किती ठेवायची?

जुना फोम मोजता येण्याजोगा उरला असेल तर तीच. नसेल तर मोजून काढा. झाकणाच्या काठापासून तळापर्यंतची खोली घ्या. समजा ३० मिलिमीटर. मग डायफ्रामचा घुमट बसण्याच्या पातळीच्या किती वर येतो ते बघा, पण व्हर्नियर घुमटाला टेकवून नाही. बाजूने, डोळा पातळीवर आणून, पट्टीशी ताडून. समजा १२. उरले १८. यातले पाच-सहा मिलिमीटर मोकळे सोडा आणि १२ मिलिमीटरचा फोम घ्या. डायफ्राम स्वतः एक मिलिमीटरही हलत नाही, पण फोम कालांतराने फुगतो, गोंद सुटून कड उचलली जाते. मोकळी जागा त्यासाठी.

जाड फोम म्हणजे जास्त चांगला असं नाही. पोकळी गच्च भरली की डायफ्रामच्या मागची हवा नीट दबत नाही आणि खालच्या टोकाची वागणूक बदलते. मूळ चकतीच्या मध्यभागी भोक असेल, किंवा ती चकती नसून कडं असेल, तर नवी तशीच कापा. आतून जाणाऱ्या तारांसाठी खाच ठेवा. फोम तारेला टेकला तर गुणगुण ऐकू येते आणि माणूस महिनाभर अॅम्प्लिफायरला दोष देत राहतो.

कापायला नवं ब्लेड आणि वाटीसारखा गोल साचा. फोम दाबून कापला तर कड आत वळते. ब्लेड हलकं ओढत कापा.

चिकटवायला काय वापरू?

फवाऱ्याचा कॉन्टॅक्ट गोंद, दोन्ही बाजूंना पातळ थर, डब्यावर सांगितलेली मिनिटं वाळू देऊन मग चिकटवणं. थर जाड झाला तर फोम तो शोषून कडक होतो. झाकण किमान चोवीस तास उघडं ठेवा.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. वाळताना त्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं आणि बंद पोकळीत ते तांब्याच्या तारेला आणि अॅल्युमिनियमला लागतं. गरम गोंदाची बंदूकही नको. ड्रायव्हर तापतो, गोंद मऊ पडतो. दुतोंडी चिकटपट्टीचा अनुभव मी घेतला आहे: सुरुवातीला छान, चार महिन्यांनी एका बाजूची कड सुटून घुमटावर टेकलेली. आवाज ‘जरा मऊ झाला’ म्हणून मी खूशही होतो.

एकाच ड्रायव्हरचा फोम गेलाय. दुसऱ्याचाही बदलू?

हो. एकाच तुकड्यातून कापून दोन्हींचे. दुसरा ‘अजून चांगला’ दिसत असेल तर तो बोटाने दाबून बघा. दाबल्यावर परत फुगला नाही तर तोही वाटेवर आहे.

काम नीट झालं हे कसं तपासायचं?

मल्टिमीटरने दोन्ही ड्रायव्हरांचा रोध मोजा. तो लेबलावरच्या ओहमपेक्षा कमी येणार, हे बरोबर आहे. दोन्हींत फार फरक नको एवढंच. काटा हललाच नाही तर तार सुटली आहे.

मग ड्रायव्हर हॉर्नवर बसवूनच वाजवा. हॉर्नशिवाय डायफ्रामवर हवेचा भार नसतो आणि खालच्या स्वरांना तो मर्यादेबाहेर हलतो. चाचणीत चूक झाली तर वाचावं म्हणून मालिकेत एक कपॅसिटर घाला. १६ ओहमच्या ड्रायव्हरला २० मायक्रोफॅरड म्हणजे साधारण ५०० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना अटकाव. ८ ओहमला तेवढ्यासाठी ४० लागतो. आवाज हळू ठेवून ५०० ते १०,००० हर्ट्झपर्यंत स्वर सावकाश चढवा. कुठे खरखर, शिट्टी, पत्र्यासारखा थरथराट ऐकू आला तर आधी झाकणाचे स्क्रू, मग तारा, मग फोमची कड, आणि सगळ्यात शेवटी डायफ्राम तपासा.

ज्यांच्याकडे संगणक आणि मोजमापाचं सॉफ्टवेअर आहे त्यांनी इम्पीडन्सचा, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांना ड्रायव्हर किती रोध करतो त्याचा, आलेख काढावा. खोली आणि मायक्रोफोन यांची भानगड त्यात नसते. दोन्ही ड्रायव्हरांचे उंचवटे जवळजवळ एकाच जागी आले तर काम झालं. एकाचा सरकलेला असेल तर झाकण नीट बसलेलं नाही किंवा फोमची जाडी वेगळी आहे.

मूळ भाग काढल्याने जुन्या ड्रायव्हरचं मोल कमी होतं का?

जाणकार घेणारा पहिला प्रश्न डायफ्राम मूळ आहे का हा विचारतो, फोमचा नाही. जुन्या फोमचा तुकडा डबीत ठेवायची गरज नाही, तो डबीतही वितळेल. फोटो आणि जाडीची नोंद ठेवा. झाकणाचे मूळ स्क्रू मात्र टाकू नका.

नवा फोम किती वर्षं पुरेल?

जागेवर अवलंबून. मी झाकणाच्या आत, फोमखाली, पेन्सिलीने तारीख आणि फोमची जात लिहितो. दर काही वर्षांनी, हॉर्न पुसायला ड्रायव्हर काढलाच तर, झाकण उघडून बोटाने दाबून बघतो. परत फुगला की झाकण बंद.